शेतातल्या आखाड्यावरची कुत्री व्यालीय. पिल्लांना हात लावला तर ती त्यांना टाकून देते का?

तुम्ही लिहिलंय की कुत्री कडब्याच्या गंजीआड व्यालीय, पाच पिल्लं आहेत, त्यातलं एक सारखं बाजूला पडतंय, आणि घरातली मोठी माणसं हात लावू देत नाहीत.

हात लावा. त्या बाजूला पडलेल्या पिल्लाला तर आजच लावा. रोज भाकर घालणाऱ्या माणसाचा हात लागला म्हणून कुत्री पिल्लं टाकत नाही. ती पिल्लं तोंडात धरून जागा बदलते ती वर्दळीमुळे: गल्लीतली पोरं घोळक्यानं बघायला येतात, परकी कुत्री वास घेत फिरतात. एखादंच पिल्लू ती दूर सारते तेव्हा बहुतेक वेळा ते आधीच गार पडलेलं किंवा आजारी असतं. ते आपल्या लक्षात उशिरा येतं आणि दोष हाताला लागतो.

पहिल्या आठवड्यात पिल्लांचा खरा वैरी गारठा. या वयात त्यांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, कुडकुडताही येत नाही. त्यात आपल्याकडं कुत्र्यांचा माज कार्तिकाच्या आसपास, आणि पोटुशीपण नऊ आठवड्यांचं. म्हणजे पिल्लं येतात ती नेमकी पौषाच्या थंडीत, परभणी-नांदेडकडं पहाटे पारा १० अंशांच्या खाली उतरतो तेव्हा.

आता ते पिल्लू. करंगळी धुऊन हळूच त्याच्या तोंडात घाला. तोंड कोमट लागलं आणि त्यानं करंगळी ओढून धरली तर ते फक्त मागं पडलंय. तोंड गार लागलं, जीभ हललीच नाही, तर आधी ऊब, मग दूध. हा क्रम उलटा करू नका. गार पिल्लाची आतडी काम करत नाहीत, पाजलेलं दूध पोटात तसंच राहतं किंवा उलटून फुप्फुसात जातं. त्याला सदऱ्याच्या आत छातीशी धरून बसा, मधून मधून कूस बदला. तास-दीड तास लागला तरी लागू द्या. चुलीजवळ धरून घाईनं शेकू नका, त्यानंही जीव जातो. ते वळवळायला, तोंडानं शोधायला लागलं की आईच्या मागच्या पायांकडच्या सडाला लावा, तिथं दूध जास्त असतं. धष्टपुष्ट भावंडांना तेवढा वेळ बाजूला धरा. जन्मल्यापासून पहिल्या दिवसाच्या आत चीक पोटात जाणं फार मोलाचं, रोगाशी लढायची ताकद त्यातूनच मिळते.

जागा म्हणाल तर जमिनीवर पोतं, त्यावर जुनं धुतलेलं लुगडं किंवा गोधडी, आणि वारा अडेल असा आडोसा. पहिला आठवडा पिल्लांजवळ ३० अंशांच्या आसपास ऊब हवी. बल्ब लावलात तर एकाच कोपऱ्यावर लावा, उकडलं तर पिल्लांना सरकता आलं पाहिजे. आखाड्यावर रात्री लाईटीचा भरवसा नसतो, तेव्हा बाटलीत गरम पाणी भरून ती फडक्यात गुंडाळून ठेवा. पिल्लं एकमेकांवर रचून झोपलीत, झोपेत अंग झटकतायत, तर सगळं ठीक आहे. सारखी किंचाळत असतील तर भूक नाहीतर थंडी आहे.

आईला दूधच नसेल तर गाईच्या दुधात पाणी घालून पाजतात, ते मला अजिबात पटत नाही. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात, पाण्यानं उरलंसुरलं सत्त्वही जातं. शहरात पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते. ती येईपर्यंतची रात्र निभावायला शेळीचं दूध, बिनपाण्याचं, कोमट करून दर दोन-तीन तासांनी द्या. पाजताना पिल्लू पोटावर ठेवा, तान्ह्या बाळासारखं उताणं धरू नका. पाजून झालं की ओल्या कोमट कापसानं खालची जागा हळुवार पुसा. आई चाटते तेव्हाच त्यांना लघवी-शी होते, एरवी आपोआप होत नाही.

आंघोळ नको. गोचिडाची पावडर तर मुळीच नको, तिच्यानं पिल्लं मरतात. नाळ ओढू नका, वाळून गळते. डोळे १० ते १४ दिवसांत आपोआप उघडतात, बोटांनी फाकवू नका. किराण्याच्या काट्यावर रोज वजन करा. आठ-दहा दिवसांत ते दुप्पट व्हायला हवं. वाढ थांबलेलं पिल्लू डोळ्यांना दिसायच्या आधी काट्याला कळतं.

आईला भरपूर पाणी, आणि नेहमीपेक्षा जास्त भाकर-दूध, अंडी द्या. ती थरथरायला लागली, धापा टाकत अडखळत चालली, तर कॅल्शियम उतरलंय. तेव्हा पिल्लं बाजूला करून त्याच तासाला डॉक्टर गाठा. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, जवळ असाल तर तिथं न्या.

आणि पिल्लं उचलताना आईला आधी भाकर टाका, तिच्या डोळ्यांसमोर उचला, गार पडलेलं सोडून बाकीची मिनिटा-दोन मिनिटांत परत ठेवा. तरी चावलीच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची सुई घ्या, कुत्री घरची असली तरी.