जज कोर्टात पक्षकाराला टाकून बोलले तर तक्रार करता येते का? त्याचं पुढे काही होतं का?

येते तक्रार करता. कंटेम्प्ट, म्हणजे कोर्टाचा अवमान, लागेल का म्हणून घाबरलेले दिसताय, तर तो नाही लागत, ते खाली सांगतो. पण आधी हे ऐका भो, कारण तुमचा प्रश्न वाचून माझं डोकं परत तापलंय.

आमची बांधाची केस होती, खान्देशातल्याच एका तालुक्याच्या दिवाणी कोर्टात, गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. भाऊबंदाने नांगरत नांगरत बांध आमच्या वावरात सरकवला, नेहमीचंच. वडील गेलेले, म्हणून साक्षीला माय. सरतपास, म्हणजे आपल्या बाजूची साक्ष, प्रतिज्ञापत्रावर होते पण समोरच्या वकिलाच्या उलटतपासणीला पिंजऱ्यात उभं राहावंच लागतं. कापूस वेचणीचे दिवस, मजूर वावरात सोडून सकाळच्या एसटीने आलेली बाई, जेवणाच्या सुट्टीनंतर कधीतरी पुकारा झाला. समोरच्या वकिलाने विचारलं गट नंबर सांगा, हद्द कुठून कुठे ते सांगा. मायला गट नंबर कुठून माहीत असणार, तिला वावर माहीत. ती सांगायला लागली, "तठे निंबनं झाड व्हतं साहेब, तेना इकडे आमनं वावर..." तर जजसाहेब एकदम वरून, "ओ बाई, हो की नाही तेवढं बोला, गप्पा मारायला आलात का इथे? कोण आणतं असल्यांना साक्षीला?" सगळं कोर्ट हसलं. वकील हसले, शिरस्तेदार हसला, आणि आमचे दाजी, म्हणजे बहिणीचे मिस्टर, जे आमचेच वकील होते, ते पण गालातल्या गालात हसले. मी मागे उभा होतो, मला दिसलं.

त्यानंतर मायने प्रत्येक प्रश्नाला "हो" म्हटलं. जे घडलंच नाही त्याला पण हो. सरकारी मोजणीची क प्रत, म्हणजे हद्दीचा नकाशा, आमच्या बाजूने होती म्हणून निभावलं, नाहीतर वावर गेलं होतं.

लोक म्हणतात जज कडक आहे, स्वभाव आहे, चालायचंच. अहो स्वभाव घरी. पिंजऱ्यातला माणूस घाबरला की साक्ष बिघडते, म्हणजे साहेबांच्या तोंडाचा परिणाम थेट पुराव्यावर होतो. दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश 18 नियम 12 बघा, साक्षीदार कसा वागला बोलला यावर जज स्वतः शेरा लिहू शकतात. आणि जज कसे वागले ते कोण लिहिणार? जबानीच्या कागदावर फक्त "हो" आलं, रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, तर साक्ष झाली एवढंच. साक्षीदाराचा अपमान करायला विचारलेला प्रश्न कोर्टाने थांबवायचा असतो असं पुराव्याचा कायदा सांगतो, आणि इथे कोर्टच सुरू.

आता तुमचं. राज्यघटनेच्या कलम 235 प्रमाणे खालच्या कोर्टातल्या जजांवर ताबा हायकोर्टाचा, बदली-बढती-चौकशी सगळं तिथूनच. तक्रार जिल्ह्याच्या प्रमुख जिल्हा न्यायाधीशांकडे किंवा मुंबई हायकोर्टाच्या रजिस्ट्रार जनरलकडे. साध्या कागदावर रागारागाने लिहून पाठवाल तर वाया जाईल, 2014 मध्ये सरन्यायाधीशांकडून हायकोर्टांना पत्र गेलंय की शपथपत्र आणि पडताळता येईल असा मजकूर असल्याशिवाय अशा तक्रारी घेऊ नका. तारीख, केस नंबर, नेमके शब्द, तिथे हजर कोण, एवढं लिहा. आणि कंटेम्प्टचं म्हणाल तर 1971 च्या कोर्ट अवमानाच्या कायद्यातच कलम 6 आहे, खालच्या कोर्टाच्या जजबद्दल हायकोर्टाकडे चांगल्या हेतूने केलेलं म्हणणं हा अवमान होत नाही. हे मी दाजींना मोबाईलवर दाखवलं तर म्हणे "पुस्तकातला कायदा वेगळा असतो". वकिलाने म्हणावं हे!

दाजींचं तेव्हा एकच, गप्प राहा, तोंड उघडशील तर केस जाईल. निकाल आमच्या बाजूने लागला, आणि निकालपत्र खरंच चांगलं होतं, मुद्देसूद, खोटं का बोलू. तेव्हापासून प्रत्येक लग्नात दाजींचं सुरू, "पाहिलं ना, गप्प बसलो म्हणून जिंकलो." जिंकलो ते क प्रतीवर. गप्प बसून काय मिळालं तर माय आता तहसीलला जायला पण नाही म्हणते.

निकालानंतर मी शपथपत्र करून तक्रार दिली, दाजींना न विचारता, नोटरी पण दुसऱ्या गावचा. पोच मिळाली. पुढे काय झालं ते मला कोणी कळवलं नाही, साहेबांची बदली झाली पण ती मुदतीप्रमाणे होणारच होती म्हणतात. दाजी यावरही हसतात, हसू द्या. साहेबांच्या कामाच्या गोपनीय अहवालाच्या वेळी एक जरी कागद फाईलला निघाला तरी मला चालेल.

वरच्या कोर्टाचं गणित वेगळं. हायकोर्टाच्या जजांसाठी 1999 पासूनची अंतर्गत चौकशीची पद्धत आहे, त्यापुढे थेट महाभियोग, आणि नुसत्या उद्धटपणासाठी तो होत नसतो. तरी 2024 मध्ये कर्नाटक हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींचे शेरे व्हिडिओत व्हायरल झाले, सुप्रीम कोर्टाच्या पाच जजांनी स्वतःहून दखल घेतली, न्यायमूर्तींनी खेद व्यक्त केला आणि प्रकरण बंद झालं. ते कॅमेऱ्यामुळे. आपल्या तालुक्याला कुठला कॅमेरा, आणि म्हणून स्वतः मोबाईल काढू नका, कोर्टात चोरून रेकॉर्डिंग केलं तर तुम्हीच अडकाल.

हे पण सांगायला पाहिजे की बोर्डावर ढीगभर केसेस असतात आणि जज कधी वैतागतात, तुम्ही तारखेला उशिरा गेलात आणि झापलं तर तो अपमान नाही. हुकूम चुकीचा वाटला तर अपील करा, तक्रार नाही. त्यांच्यासमोर केस चालवायचीच नसेल तर जिल्हा न्यायाधीशांकडे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 24 खाली केस दुसऱ्या कोर्टात वर्ग करायचा अर्ज असतो, पण त्यालाही सबळ कारण लागतं. चांगले जज पण पाहिलेत मी, म्हाताऱ्या साक्षीदाराला खुर्ची द्यायला सांगणारे.

तुमची साक्ष बाकी असेल तर आधी ती होऊ द्या. त्या दिवशीचे शब्द मात्र आजच वहीत लिहून ठेवा, शेजारी बसलेल्या दोघांची नावं पण, आणि शपथपत्रात हुकुमाबद्दल एक अक्षर नको. तुमचा वकील नाही म्हणाला तर त्याला कलम 6 वाचायला द्या. नातेवाईक असेल तर आधीच द्या.