सायकल सहलीतली रोजनिशी
दोन दिवसांच्या सहलीबद्दल घरी परतल्यावर सोमवारी निवांत लिहू, असे तुम्ही म्हणता. माझा आग्रह मात्र असा आहे की, वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला जाताना जिथे दम खायला थांबाल, तिथेच दोन ओळी लिहून ठेवाव्यात. सोमवारपर्यंत किलोमीटर तेवढे लक्षात राहतात, आणि ते तर मोबाइलमध्येही नोंदलेले असतात. खाली दिसणारे कृष्णाकाठचे वाई, कपाळावरून वहीवर टपकलेला घाम, चढावर गिअर बदलताना साखळीचा झालेला करकराट मात्र निसटून जातो. वही खिशात मावेल एवढीच घ्यावी आणि शिसपेन्सिल वापरावी, कारण घामाने ओलसर झालेल्या कागदावर शाई पसरते. उतारावर कितीही चांगले वाक्य सुचले, तरी सायकल रस्त्याच्या कडेला उभी केल्याशिवाय मी वहीला हात लावत नाही. तुम्हीही लावू नये.