नागाव ते रेवदंडा गाडीने: किती वेळ धरावा, कधी निघावं?

अलिबाग तालुक्यातल्या या दोन गावांमधलं अंतर जेमतेम 9-10 किमी, रस्ता एकच: नागाव, चौल, रेवदंडा. एरवी 25 मिनिटं पुरतात, शनिवार-रविवारी पाऊण तास धरा. सकाळी 8 च्या आत निघालात तर रस्ता मोकळा. रविवारी दुपारी चारनंतर जाताना काही वाटत नाही, पण परतताना मुंबईकरांच्या अलिबागकडे निघालेल्या रांगेत अडकता.

खरी अडचण अंतराची नाहीच, रुंदीची आहे. दोन्ही बाजूंना नारळ-पोफळीच्या वाड्यांचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, वळणापलीकडचं दिसत नाही. वळणाआधी हॉर्न द्या. समोरून एसटी आली तर आरसा मिटून वाडीच्या फाटकापाशी, जिथे जागा रुंद असते तिथे, आधीच थांबा. ऐनवेळी मागे घेताना मागच्या बाइकवाल्यांचा गोंधळ होतो. पावसाळ्यात साइडपट्टीवर चाक उतरवू नका. वरून घट्ट दिसते, खाली चिखल असतो, आणि डांबराच्या कडेला टायरची बाजू कापली जाते.

मार्गशीर्ष पौर्णिमेपासून चौलला दत्ताची जत्रा असते, पाच दिवस. तेव्हा दुचाकीच बरी.

रेवदंड्यात गावाचा रस्ता पोर्तुगीज कोटाच्या तटातून आत जातो. मोठी गाडी असेल तर ती बाहेरच लावून चालत जाणं सोयीचं. फक्त नारळाखाली लावू नका, काच फुटते. पुळणीवर तर अजिबात नेऊ नका: ओल्या वाळूत चाक रुततं, भरती थांबत नाही.