कळांच्या वेळी कुरआन लावावं का?

प्रश्न: आम्ही मूळचे रत्नागिरीचे, आता बर्मिंगहॅमला असतो. बायकोची पहिलीच खेप आहे आणि ती फार घाबरली आहे. अम्मी म्हणतात, कळा सुरू झाल्या की सूरह मरियम (कुरआनातला मरियमच्या नावाचा अध्याय) लावा. इथल्या हॉस्पिटलात चालेल का? खरंच फरक पडतो का?

उत्तर: जरूर लावा, पण आधी तिला विचारा. भीतीने अ‍ॅड्रेनलिन वाढतं, अंग आखडतं आणि दुखणं जास्त जाणवतं. ओळखीचा संथ आवाज कानावर पडला की श्वास लयीत यायला मदत होते. इराण आणि इंडोनेशियात यावर अभ्यास झाले आहेत आणि तिलावत, म्हणजे कुरआनपठण, ऐकणाऱ्या बायकांची चिंता कमी झाल्याचं त्यांतल्या अनेकांत दिसलं. अभ्यास छोटे आहेत, म्हणून त्याला उपचार समजू नका. आधार मात्र नक्की समजा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८च्या सूचनांमध्येही, बाईची इच्छा असेल तर श्वसन, संगीत अशा उपायांची शिफारस आहे. त्यामुळे बर्थ प्लॅनमध्ये, म्हणजे बाळंतपणात काय हवं-नको ते लिहून देतो त्या कागदात, हे लिहा आणि मिडवाइफला (प्रशिक्षित सुईणीला) आधीच सांगा. संकोच करायचं कारण नाही.

सुरांचे चढउतार असलेल्या मुजव्वदपेक्षा मुरत्तल तिलावत निवडा. ती सरळ, एका लयीत चालते. आतापासून रोज झोपताना ऐकवा, म्हणजे तो आवाज तिच्या सवयीचा होईल. फोनवर आधीच उतरवून ठेवा. इअरफोन एकाच कानात असू दे, दुसऱ्या कानाने मिडवाइफचं ऐकू आलं पाहिजे.

आता मला कळकळीने सांगायचं आहे ते हे. तिने एपिड्युरल (कळांची वेदना कमी करायला पाठीतून देतात ते औषध) मागितलं तर "दुआ पढ, सहन कर" असं कुणीही म्हणू नका. सूरह मरियमच्या २३ ते २६ या आयती अम्मींसोबत वाचा. कळांनी ईसांची आई मरियम खजुराच्या बुंध्याशी येते, मरण मागते. तिला "दुःख करू नकोस" एवढं सांगून थांबलेलं नाही. पायाशी झरा दिला, ताजे खजूर दिले, खा-पी म्हटलं. दिलासा आणि मदत दोन्ही एकत्र आली. वेदना कमी करायचं औषध घेतल्याने ईमान कमी होत नाही.

तिच्या आईला तिलावत येत असेल तर त्यांच्याच आवाजात रेकॉर्ड करून मागवा. परक्या मुलखात माहेरचा आवाज फार धीर देतो. आणि ऐन कळांत ती "बंद कर" म्हणाली तर लगेच बंद करा. अम्मींनाही हे आजच सांगून ठेवा, म्हणजे त्या वेळी कुणाचं मन दुखणार नाही.