कानात सतत शिट्टी वाजते आणि साधे आवाजही सहन होत नाहीत, तर बडोद्यात राहायचे कसे?

तुम्ही विचारले आहे की वर्षभरापासून दोन्ही कानांत शिट्टी वाजते, हल्ली भांड्यांचा आणि हॉर्नचा आवाजही बोचतो, म्हणून दिवसभर कानांत कापूस घालून वावरता. आता नवरात्र तोंडावर आले आहे, तर रावपुऱ्यातले घर सोडून एखाद्या खेड्यात शांत जागी राहायला जावे का? माझे मत असे आहे की घर सोडू नका, आणि घरात असताना कापूस काढून ठेवा. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात पॉवर प्रेस म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्राजवळ नोकरीची बरीच वर्षे काढल्याने मलाही हे दोन्ही त्रास आहेत आणि मी दांडिया बाजारात भर वस्तीत राहतो.

तपासणी झाली नसेल तर ती आधी करून घ्या. कान-नाक-घसा तज्ज्ञ कानात मळ साठला आहे का, पडदा शाबूत आहे का हे पाहतात आणि ऑडिओमेट्री करायला सांगतात. त्यात साधारण २५० ते ८००० हर्ट्‌झपर्यंतचा प्रत्येक स्वर तुम्हाला किती हळू असतानाही ऐकू येतो हे मोजतात. यंत्रांच्या गोंगाटाने बिघडलेल्या कानाचा आलेख बहुधा ४००० हर्ट्‌झच्या आसपास खाली जातो, आणि माझा तसाच आहे. आवाज सहन होत नाहीत हे चाचणी सुरू होण्यापूर्वीच सांगा, म्हणजे मोठे स्वर जपून देतील. शिट्टी एकाच कानात असेल, नाडीच्या ठेक्यावर ठोके पडल्यासारखी ऐकू येत असेल किंवा सोबत चक्कर येत असेल, तर पुढचा तपास टाळू नये. आणि एका कानाने ऐकू येणे एकाएकी बंद झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, कारण त्यावरच्या स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच जास्त होतो. चालू औषधांची यादीही दाखवा. मोठ्या मात्रेतील अ‍ॅस्पिरिन आणि जेंटामायसिनसारखी काही प्रतिजैविके यांनी असा आवाज सुरू होऊ शकतो, मात्र कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नका.

आता कापसाविषयी. आतल्या कानातील केसासारख्या सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. त्यांच्याकडून येणारा संदेश कमी पडला की मेंदू ती उणीव भरून काढण्यासाठी आपली संवेदनक्षमता वाढवतो, आणि आज बहुतेक संशोधक असे मानतात की शिट्टी आणि साध्या आवाजांचा असह्यपणा हे दोन्ही बऱ्याच अंशी या वाढलेल्या संवेदनक्षमतेतून येतात. कान बंद केले की आत येणारा आवाज आणखी कमी होतो, आणि मेंदू आणखी टवकारून ऐकू लागतो. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोन अमेरिकी संशोधकांनी ऐकू नीट येणाऱ्या ८० जणांना ध्वनिरोधक खोलीत बसवले, तेव्हा त्यांतल्या ९४ टक्के लोकांना कुठला ना कुठला आवाज ऐकू आला. पुढे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात असे आढळले की दोन आठवडे कानांत बोळे घालून राहिलेल्या धडधाकट माणसांना आवाज पूर्वीपेक्षा मोठे वाटू लागले, आणि ज्यांच्या कानांत तेवढाच काळ मंद खरखर सोडली होती त्यांची सहनशक्ती वाढली. खेड्यातल्या निःशब्द रात्री तुमची शिट्टी उलट जास्त ठळक होईल, आणि परत आल्यावर रावपुऱ्याचा रस्ता पूर्वीपेक्षा कर्कश वाटेल, ही मला खरी भीती वाटते.

म्हणून घरात पूर्ण शांतता होऊ देऊ नका. उन्हाळ्यात पंख्याची घरघर आपोआपच मिळते. थंडीत पंखा बंद झाला की रात्र जड जाते, तेव्हा मी मोबाइलवर तानपुरा अगदी हळू लावून ठेवतो. पावसाचा आवाजही चालतो. मात्र त्याने शिट्टी बुडवू नये, तो शिट्टीपेक्षा किंचित खालीच असावा. दोन्ही एकदमच कानी पडत राहिले तर मेंदू हळूहळू शिट्टीला बिनमहत्त्वाची ठरवायला शिकतो. याला काही महिने लागतात, एका आठवड्यात फरक पडत नाही म्हणून सोडून देऊ नका.

भांड्यांच्या बाबतीत मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे घासलेली भांडी मांडणीत लावण्याचे काम मी स्वतःकडे घेतले. सुरुवातीला मांडणीच्या फळीवर जुने पंचे अंथरले, आधी वाट्या, मग ताटल्या आणि शेवटी पातेल्यांची झाकणे, असा क्रम ठेवला. स्टीलच्या झाकणाची कड ताटलीला लागते तेव्हा जो चिरका खणखणाट होतो तो पाठीमागून अवचित आला तर मी अजूनही दचकतो, पण तेच झाकण माझ्या हातात असेल तर तो आवाज येणार हे शरीराला आधीच ठाऊक असते आणि त्याची धार निम्मी होते. सहन होऊ लागले तसे एकेक पंचा काढून घेतला. घरच्यांना कायम दबक्या पावलांनी वावरायला लावणे मला पटत नाही, कारण त्याने त्यांचा जीव मेटाकुटीला येतो आणि आपलाही सराव होत नाही. मात्र कुकर होत आला की ‘शिट्टी होणार हं’ एवढे सांगायची विनंती जरूर करावी.

गरब्याचा आवाज ही वेगळी बाब आहे, तेथे कान झाकलेच पाहिजेत. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी जे प्रमाण वापरतात त्यानुसार ८५ डेसिबल आवाजात आठ तास आणि दर ३ डेसिबल वाढीला त्याच्या निम्मा वेळ धोक्याच्या अलीकडे मानतात. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटे मिळतात. कापूस येथे फारसा कामाचा नाही. औषधाच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात. बोळा बोटांत वळून बारीक करावा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची पाळी वर आणि मागे ओढावी, बोळा आत सरकवावा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरून ठेवावा. स्पीकरपासून लांब उभे राहा, कारण मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. घरी परतल्यावर बोळे लगेच काढा. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगबाजीत, गच्चीवर कोणी कानाशी पिपुडी म्हणजे पिपाणी वाजवील, म्हणून तेव्हाही ते खिशात असू द्या.

शेरीतला ध्वनिक्षेपक रात्रभर चालत असेल तर गप्प बसण्याचे कारण नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे, आणि सणांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. तक्रारीपूर्वी मंडळाच्या मुलांना भेटून स्पीकरचे तोंड वळवायला सांगावे. आजार दिसत नाही म्हणून कोणी विचारत नाही, परंतु सांगितल्यावर ऐकणारे लोक बडोद्यात पुष्कळ आहेत, हा माझा अनुभव आहे.

औषधाविषयी स्पष्ट सांगतो: शिट्टी थांबवणारी सिद्ध झालेली गोळी आज नाही, आणि अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेत जिंको बिलोबा हा झाडाच्या पानांचा अर्क देऊ नये असेच म्हटले आहे. त्याच मार्गदर्शिकेत ऐकू कमी येणाऱ्यांसाठी श्रवणयंत्राची, आणि त्रासाने जीव नकोसा झालेल्यांसाठी संज्ञानात्मक वर्तन उपचाराची, म्हणजे त्रासदायक विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराची, शिफारस आहे. त्या उपचाराने शिट्टीचा आवाज कमी होत नाही, पण तिची धास्ती आणि तिच्यामुळे जाणारी झोप यांत खरा फरक पडतो. रात्री जगणेच नको असे वाटू लागले तर सकाळची वाट पाहू नका. १४४१६ या टेलिमानस नावाच्या सरकारी मानसिक आरोग्य मदत क्रमांकावर केव्हाही बोलता येते.

ऑडिओमेट्रीचा कागद हातात आला की ४००० हर्ट्‌झच्या रकान्यात दोन्ही कानांचे आकडे काय आहेत ते येथे कळवा. श्रवणयंत्राचा विचार करायचा की नाही हे त्यावर बरेच अवलंबून आहे, आणि मग मी त्याविषयी सविस्तर लिहीन.