फिल्टर कार्डावर नेले, तरी वेग का वाढत नाही?

प्रश्न : मी बेळगावात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात असून, आमच्या भागात लग्नांचे चित्रीकरण करणाऱ्या स्टुडिओंसाठी व्हिडिओ एडिटिंगचे सॉफ्टवेअर लिहीत आहे. रंगदुरुस्ती, नॉइज (चित्रातले नको असलेले दाणे) काढणे असे सहा फिल्टर सीपीयूवरून (संगणकाच्या मुख्य प्रोसेसरवरून) ग्राफिक्स कार्डावर आणले, तरी फोर-के व्हिडिओवरील कामाचा वेग फारसा वाढला नाही. रचनेत काय बदलावे?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : दोष बहुधा फिल्टरांचा नसून त्यांच्यामध्ये होणाऱ्या ने-आणीचा आहे. प्रत्येक फिल्टरने मुख्य मेमरीतून फ्रेम (व्हिडिओतले एक चित्र) घ्यावी व तेथेच परत ठेवावी, ही जुनी रचना सगळे काम सीपीयूवर होते तोवर ठीक होती. तीच कायम ठेवून केवळ गणित कार्डावर नेले, तर ३८४० × २१६० पिक्सेलची, पिक्सेलमागे ४ बाइट घेणारी सुमारे ३३ एमबीची फ्रेम सहा फिल्टरांपायी १२ वेळा पीसीआय एक्सप्रेसवरून, म्हणजे संगणक व कार्ड यांना जोडणाऱ्या मार्गावरून, ये-जा करते. हे झाले जवळपास ४०० एमबी. या मार्गाच्या तिसऱ्या पिढीतील १६ लेनचा (समांतर वाटांचा) कागदोपत्री वेग सेकंदाला सुमारे १६ जीबी धरला, तरी त्यात २५ मिलिसेकंद जातात. सेकंदाला २५ फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला मुळात ४० मिलिसेकंदच येतात. लॅपटॉपमध्ये तर लेनही अनेकदा आठच असतात.

म्हणून डिकोडिंग (दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडणे) कार्डावरच करावे आणि एन्कोड (पुन्हा दाबून साठवणे) होईपर्यंत फ्रेम व्हिडिओ मेमरीतच (कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत) राहू द्यावी. लागोपाठचे रंगाचे फिल्टर एकाच शेडरमध्ये (कार्डावर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये) एकत्र करता येतात. नॉइज काढणाऱ्याला शेजारचे पिक्सेल लागतात, त्यामुळे तो वेगळा ठेवणे बरे. डिकोडर, शेडर चालवणारा भाग व एन्कोडर हे कार्डाचे स्वतंत्र भाग असल्याने तिघांना एकाच वेळी तीन निरनिराळ्या फ्रेमवर कामाला लावता येते. मात्र त्यांच्यामध्ये थांबलेल्या फ्रेमच्या रांगांची लांबी मर्यादित ठेवावी.

आपल्याकडच्या लग्नाच्या व्हिडिओत वधूवरांची नावे मराठी आणि कन्नड अशा दोन्ही लिप्यांत लागतात. जोडाक्षरांची जुळणी हार्फबझ या अक्षरजुळणीच्या सॉफ्टवेअर लायब्ररीकडून सीपीयूवर एकदाच करून घ्यावी व तयार चित्र कार्डावर ठेवावे. दर फ्रेमला ती करणे म्हणजे निव्वळ उधळपट्टी.

सर्वच काम कार्डावर लोटण्याचा हट्ट मात्र मला पटत नाही. नव्या कॅमेऱ्यांचे १०-बिट ४:२:२ (रंगाची माहिती अधिक बारकाईने साठवणारे) चित्रीकरण अनेक कार्डांच्या डिकोडरला उलगडत नाही. ते सीपीयूच्या सर्व कोअरवर उलगडून एकदाच कार्डावर पाठवावे. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असलेल्या यंत्रांत मेमरी सामाईक असल्याने ही नक्कलही बहुधा टाळता येते. कोणता मार्ग घ्यायचा, हे कार्डाच्या नावावरून न ठरवता सॉफ्टवेअरने सुरू होतानाच ड्रायव्हरला (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) विचारून ठरवावे.

पुनर्लेखनाला हात घालण्यापूर्वी एकदा फिल्टरांतील गणित काढून, नुसती ने-आण ठेवून वेळ मोजावा. तो फारसा घटला नाही, तर शेडर सुधारत बसण्यात वेळ घालवू नये.