डनच्या कवितेतला कंपास: प्रेम की वकिली?

आपला प्रश्न असा आहे की, जॉन डन आणि त्याच्या परंपरेतील इंग्रज कवींच्या प्रेमकवितांत प्रेमापेक्षा वकिलीच अधिक दिसते, पिसू आणि कंपास यांसारखी उपमाने केवळ वाचकाला चकित करण्यासाठी आणलेली वाटतात, तर मग या कवितांना प्रेमकविता का म्हणायचे? मी बरीच वर्षे पदव्युत्तर वर्गाला हे कवी शिकवले आहेत आणि जवळजवळ दर वर्षी हीच शंका कोणीतरी काढत असे. आपले निरीक्षण मला मान्य आहे. निष्कर्ष मान्य नाही. मराठीत मुद्दाही ‘पटवतात’ आणि मुलगीही ‘पटवतात’. या कवितांत ही दोन्ही कामे एकाच वेळी चाललेली असतात. मात्र पटवणाऱ्याला समोरच्या व्यक्तीचे म्हणणे ऐकू येते की नाही, हे पाहिल्याशिवाय तिथे प्रेम आहे की नुसतीच वकिली, याचा निकाल लावता येत नाही.

आधी नावाविषयी थोडेसे. या कवींना ‘मेटाफिजिकल’, म्हणजे तत्त्वचिंतनाकडे झुकणारे, असे म्हणतात; पण हे बिरुद त्यांनी स्वतः घेतलेले नाही. कवी-समीक्षक ड्रायडनने 1693 मध्ये डनविषयी तक्रार केली की, स्त्रियांची मने प्रेमाच्या कोमल भावांनी रमवायची सोडून हा कवी त्यांना तत्त्वज्ञानाच्या बारकाव्यांत गुंतवतो. पुढे 1779 मध्ये समीक्षक डॉ. जॉन्सनने काउली या कवीच्या चरित्रात याच कवींवर ठपका ठेवला की, ते अत्यंत विजातीय कल्पना बळजबरीने एका जोखडाला जुंपतात. म्हणजे मुळात ही एक प्रकारची तक्रारच होती. मराठीत काही जण याचे भाषांतर ‘आध्यात्मिक कविता’ असे करतात, ते मात्र टाळावे. पिसवेच्या कवितेत अध्यात्म शोधून दमलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

‘द फ्ली’ ही ती पिसवेची कविता. तीत प्रत्येकी 9 ओळींची 3 कडवी आहेत. पिसवेवर कविता करण्याची टूम डनने काढलेली नाही. फ्रान्समध्ये 1582 मध्ये याच विषयावरच्या कवितांचा एक संग्रह निघाला होता. अशा कवितांत सहसा पिसू स्त्रीच्या अंगावर बसते आणि कवी त्या पिसवेचा हेवा करतो. डनची पिसू मात्र आधी कवीला चावते आणि मग त्याच्या प्रेयसीला, आणि या एका फरकावर तो सगळा खटला उभा करतो. समागमात दोघांचे रक्त मिसळते अशी त्या काळी समजूत होती; पिसवेच्या पोटात ते मिसळलेच आहे, आणि त्याला कोणी पाप किंवा अब्रूनुकसान म्हणत नाही, तेव्हा तू मला नाकारतेस ती गोष्ट किती क्षुल्लक आहे पाहा, असा पहिल्या कडव्यातला युक्तिवाद आहे.

दुसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला तो घाईघाईने ‘थांब’ म्हणतो, त्यावरून तिने पिसू चिरडायला हात उचलला आहे हे आपल्याला कळते. आता तीच क्षुल्लक पिसू त्यांची विवाहशय्या आणि विवाहाचे मंदिर होते. तिला मारशील तर माझी हत्या, तुझी आत्महत्या आणि देवस्थानाचा विध्वंस अशी तीन पापे तुला लागतील, असे तो बजावतो. दुसरे कडवे संपून तिसरे सुरू होण्याच्या मधल्या कोऱ्या जागेत ती पिसवेला नखाखाली चिरडून मोकळी होते. मग सांगते की, पिसू मेली तरी तुझे काही बिघडले नाही की माझे. कवी तत्काळ बाजू बदलतो: अगदी खरे, मग माझ्या स्वाधीन झाल्याने तुझी अब्रूही तेवढीच जाईल, जेवढा या पिसवेच्या मरणाने तुझा जीव गेला.

इथे वकिली आहे, हे कोण नाकारील? डनने लंडनमधल्या लिंकन्स इन या वकिलांच्या संस्थेत कायद्याचे शिक्षण घेतले होते, आणि त्याच्या कविता हयातीत मुख्यतः हस्तलिखित प्रतींतून परिचितांमध्ये फिरत होत्या. संग्रह छापला गेला तो 1633 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. म्हणून या कवितेचा खरा श्रोता ती स्त्री नसून युक्तिवादातल्या कोलांटउड्यांना दाद देणारे त्याचे मित्र असावेत, असे मला वाटते. तरीही या संपूर्ण कवितेत एकही शब्द थेट न उच्चारणारी ती स्त्री एका नखाने त्याचा दावा निकालात काढते, आणि ते कडव्यांच्या मधोमध घडू देण्याइतका कवी तिला ओळखून आहे. याच परंपरेतल्या अँड्र्यू मार्वेलच्या ‘टू हिज कॉय मिस्ट्रेस’ (आढेवेढे घेणाऱ्या प्रेयसीस) या कवितेमध्ये हे आढळत नाही. वेळ अमाप असता तर तू गंगेच्या काठी माणके वेचली असतीस आणि मी इंग्लंडातल्या हंबर नदीच्या काठी विरहगीते गात बसलो असतो; पण वेळ नाही; म्हणून आताच, अशी त्या 46 ओळींची तीन पायऱ्यांची बांधणी आहे. ती डौलदार आहे, आणि तर्कशास्त्राच्या काटेकोर कसोटीवर सदोषही आहे, कारण वेळ असता तर नकार क्षम्य ठरला असता एवढ्यावरून वेळ नसताना तो अक्षम्यच ठरतो असे सिद्ध होत नाही. मधल्या भागात थडग्यातले किडे येतात तेव्हा विनवणीची जागा धमकी घेते. ती कविता मला तोंडपाठ आहे, पण त्या स्त्रीचा चेहरा मला तीत कधी दिसला नाही.

आता कंपासाकडे येते. ‘अ व्हॅलिडिक्शन: फॉरबिडिंग मोर्निंग’ ही 36 ओळींची निरोपाची कविता आहे. डनने 1601 च्या डिसेंबरात अ‍ॅन मोर हिच्याशी चोरून लग्न केले, त्यापायी त्याची नोकरी गेली आणि काही काळ तुरुंगातही राहावे लागले. 1611 मध्ये परदेशी निघताना त्याने ही कविता तिला दिली, असे चरित्रकार वॉल्टन सांगतो. वॉल्टनची ही हकीकत 1675 च्या आवृत्तीतली, म्हणजे फार उशिराची आहे, तेव्हा ती जपूनच घ्यावी. कविता मात्र त्या हकीकतीवाचूनही उभी राहते. इथेही पटवणेच चालले आहे, फक्त मागणी उलटी आहे: मी जातो आहे, तू रडू नकोस.

त्यासाठी तो आधी सोन्याचे उपमान घेतो. आपले दोन आत्मे एकच आहेत, म्हणून माझे जाणे म्हणजे तुटणे नव्हे. सोने ठोकत गेले की त्याचा हवेसारखा तलम वर्ख होतो, तसे ते पसरणे आहे. उपमान सुरेख आहे, पण ज्याने मिठाईवरचा वर्ख बोटाने उचलून पाहिला आहे त्याला तो किती चटकन फाटतो हे ठाऊक असते. आणि पुढचे कडवे ‘आणि ते दोन असलेच तर’ अशा अर्थाच्या शब्दांनी सुरू होते. या शब्दांवर मी वर्गात नेहमी थांबत असे, कारण त्यांच्या आधी बहुधा तिने मान हलवली आहे. आपण एक आहोत हे तुला पटत नाही ना, बरे, दोन आहोत असे धरू. मग कंपासाच्या दोन पायांसारखे आहोत. पिसवेच्या कवितेतला वकील बाजू बदलतो तो जिंकण्यासाठी. इथला नवरा आपले सुंदर उपमान सोडून देतो, कारण तिचे समाधान झालेले नाही. मला प्रेम दिसते ते इथे.

हा कंपास म्हणजे होकायंत्र नव्हे, कंपासपेटीतला वर्तुळ काढायचा कंपास. एकदा गणित विभागातून फळ्यावरचा मोठा लाकडी कंपास मागून आणला आणि कविता हातात धरून तो उघडला. फिरता पाय जसजसा दूर जातो तसतसा रोवलेला पाय खरोखरच त्याच्या दिशेने कलतो, आणि तो परत जवळ आला की पुन्हा ताठ उभा राहतो. डनने लिहिले आहे ते शब्दशः हेच. जॉन्सन म्हणतो तशी बळजबरी मला इथे दिसत नाही, कारण एकेक हालचाल जागच्या जागी बसते.

त्याच तासाला मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “मॅडम, पण वर्तुळ पूर्ण झालं तरी खडू परिघावरच आहे. तो मधल्या पायापाशी आलाच नाही.” तिचे म्हणणे बरोबर होते. परतण्याची गोष्ट त्याआधीच्या कडव्यात आहे. शेवटच्या कडव्यात तो तिरका फिरतच राहतो आणि जिथून निघाला तिथे संपतो, म्हणजे परिघावर, तिच्यापासून होता तेवढ्याच अंतरावर. त्या दिवशी मी तिला उपमानाला मर्यादा असतात असे काहीतरी पुस्तकी उत्तर दिले. आज ती भेटली तर मी म्हणेन की, ही कविता निघालेल्या माणसाने निघतानाच लिहिली आहे आणि त्याचे परतणे अजून व्हायचे आहे.